कुठपासून मोजायचं

सोमवार, ४ मार्च

ठमे,

हे पत्र पोस्टानं पाठवतोय. तुझ्या पाळणाघराच्या मागच्या खिडकीतून माझ्या पंपाची भिंत दिसते, मधे धड चार पावलंही नाहीत, आणि मी पाकिटावर तिकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार आहे. पोस्टमन दोन दिवसांनी ते आपल्याच बोळात आणून देईल आणि जाताना माझ्याकडे बघून हसेल. हसू दे. दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, समोर आलीस तर मान फिरवतेस. तुझी आई रोज दुपारी तुझ्याकडे मुलं सांभाळायला येते, पण माझा एक निरोप नेईल तर शपथ. "मी काही तुमच्या दोघांची टपालपेटी नाही," म्हणते. मग दुसरं काय करू?

मुद्द्यावर येतो. नव्या नियमाचा मसुदा शनिवारी संघटनेच्या कचेरीत आला. शाळा, पाळणाघर, दवाखाना यांच्यापासून तीस मीटरच्या आत पेट्रोल पंप चालवायचा नाही. जुन्यांनाही सूट नाही. एक वर्षाची मुदत, मग कुलूप. मसुद्याला कागद जोडलेत, त्यात पहिलाच कागद तुझी तक्रार. अध्यक्षांनी ती सगळ्यांसमोर वाचली, तुझ्या नावासकट आणि पत्त्यासकट. वाचून झाल्यावर सत्तावीस पंपमालक माझ्याकडे बघत होते. पंप आणि दुकान मालकांच्या संघटनेचा चिटणीस मी, नियमाविरुद्ध निवेदन लिहिणार मी, आणि नियम कुणामुळे आला, तर माझ्याच कार्टीमुळे. मी चष्मा पुसत बसलो.

तू लिहिलंयस की मुलं दुपारच्या झोपेतून उठतात ती डोकं धरून, आणि दोघांना उलट्या झाल्या. मुलांना उलट्या होतातच. तू तान्ही असताना तुलाही व्हायच्या, आणि तेव्हा पंपही नव्हता. दुसरं, मी तुझ्यासाठी काही केलं नाही असं तक्रारीत जे सुचवलंयस ते मला झोंबलं. टँकर पूर्वी सकाळी नऊला यायचा, बोळ अडायचा, तुझ्या मुलांच्या आयांना गाड्या वळवता यायच्या नाहीत. तूच कुरकुरलीस. मी डेपोत जाऊन, त्या लोकांची दाढी धरून, टँकरची वेळ दुपारी दीडची करून घेतली. त्याचं नाव नाही कुठे.

नियम करणाऱ्या समितीपुढे सुनावणी वीस तारखेला आहे. तोपर्यंत तक्रार मागे घेता येते, मी विचारून आलोय. एक ओळीचा अर्ज लागतो. पंपावर सात माणसं, दुकानात चार, त्यातली निम्मी तुला कडेवर घेऊन हिंडलेली. त्यांच्याकडे बघ आणि ती एक ओळ लिही.

तुझा बाप

शनिवार, ९ मार्च

ठमे,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती, तरी दोन दिवस पोस्टमनची वाट बघितली.

तू ती एक ओळ लिहिली नाहीस म्हणून मी एक शब्द शोधलाय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागून बापानं दगा दिला म्हणायला नको.

मसुद्यात लिहिलंय, "पेट्रोल पंपापासून तीस मीटर." काल कचेरीत चार तास आमची डोकेफोड चालली होती. कुणी म्हणे तीसचं पंधरा करून मागा, कुणी म्हणे कोर्टात जा. मी म्हटलं, आकड्याला हात लावू नका, "पासून" धरा. पंपापासून म्हणजे नक्की कुठपासून? कुंपणापासून, दुकानाच्या भिंतीपासून, की गाडीत पेट्रोल भरतो त्या नोझलपासून? कायद्यात पंप म्हणजे काय ते कुठेच सांगितलेलं नाही. आपण म्हणायचं, पंप म्हणजे नोझल. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली आणि चहा सांगितला. नोझलपासून मोजलं तर संघटनेच्या त्रेचाळीस पंपांपैकी एकोणचाळीस वाचतात. आपलाही वाचतो. रस्त्याकडच्या नोझलपासून तुझ्या भिंतीपर्यंत चौतीस मीटर भरतात.

मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं मी निवेदनं लिहितोय, पण एका शब्दावर इतकी माणसं उभी राहिलेली पाहिली नव्हती.

टाक्या दुकानाच्या मागे, तुझ्या भिंतीला लागून आहेत हे कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं होतंय. बैठक संपल्यावर अध्यक्षांनी मला जिन्यात गाठलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, नोझलचं तुम्ही मांडाच, पण तक्रारदार तुमची मुलगी आहे हे आपल्या पथ्यावर पडलंय. तुमच्यात बोलणं नाही, घरगुती वाद आहे, जागेवरून कटकट आहे, एवढं सुनावणीत आलं की तिच्या कागदाचं वजन जातं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. जिना उतरताना गुडघा दुखत होता, त्याच्याबद्दल बोललो.

आणि एक तुला विचारायचंय. तुझ्या आईच्या पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं सापडली, तीन रिकामी, एक अर्धं. मी किल्ली शोधत होतो. विचारलं तर म्हणाली, वयानं होतं. कधी घेतेस विचारलं तर म्हणाली, तीन-साडेतीनला. तिला तुझ्याकडून आल्यावरच दुखतं का?

बाप

गुरुवार, १४ मार्च

ठमे,

आज मी आडवा पडलो.

समजेल असं सांगतो. दोन वर्षांपूर्वी तू दुकानात येऊन भांडलीस ते तुला आठवत असेलच. तू म्हणालीस, "उभं राहून वास घेऊ नका बाबा, आमच्या मुलांसारखं जमिनीवर झोपा आणि मग सांगा." गिऱ्हाइकं होती. दूधवाला होता. त्यांच्यासमोर मला जमिनीवर झोपायला सांगितलंस म्हणून मी तुला बाहेर काढलं. नंतर सगळ्यांना सांगत फिरलो की पोरीला शिंगं फुटलीत.

तर आज दीडला टँकर आला. पोरांनी नळी जोडली, पेट्रोल टाकीत पडायला लागलं. मी दुकानाच्या मागे गेलो आणि तुझ्या भिंतीच्या कडेला, व्हेंटच्या खाली, पोतं अंथरून सरळ झोपलो. व्हेंट म्हणजे टाकीवरचा तो उंच पाइप, तू लहानपणी त्याला शिडी म्हणायचीस. ऊन मी म्हणत होतं, पान हलत नव्हतं. पहिली पाच मिनिटं काही नाही. मी मनात म्हटलं, बघ, उगाच. मग घशाशी गोड काहीतरी आलं. मग कपाळ जड झालं. उठून बसलो तर बरं वाटलं, पुन्हा पडलो तर पुन्हा तेच. तेवढ्यात गल्ल्यावरची ताई कचरा टाकायला मागे आली, मला पसरलेला बघून तिच्या हातातली बादली पडली आणि ती "मालक गेले" म्हणून ओरडत पुढे पळाली. टँकरवाला पाणी घेऊन आला. मी त्यांना सांगितलं की पाठ धरली होती. काय सांगणार दुसरं?

आता जे लिहितोय ते पंपावर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. गाडीत भरताना नोझलपाशी वास येतो तो चिमूटभर. खरी वाफ निघते ती टँकर खाली होताना. टाकीत वरून पेट्रोल पडलं की आत साठलेली वाफ बाहेर ढकलली जाते, आणि ती सगळी व्हेंटमधून येते. पाइप उंच आहे, वरच्या वर उडून जाते, असं आम्ही तपासनिसांना सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. वारा असला तर पांगते. वारा नसला तर खाली उतरते आणि जमिनीलगत बसते.

सकाळी नऊला बोळात वारा असतो. दुपारी दीडला नसतो, आणि उन्हानं वाफही जास्त होते. सकाळी तुझी मुलं पुढच्या अंगणात असायची. दीडला ती मागच्या खोलीत, खिडकीखाली, सतरंजीवर असतात. टँकरची वेळ मी बदलली, ठमे. तुझ्यावर उपकार म्हणून बदलली. तीस वर्षांचा पंपवाला मी, आणि मला बोळातल्या गाड्या दिसल्या, वारा दिसला नाही. तू भांडायला आलीस तेव्हाच मला शंका आली होती. मी ती दाबून टाकली, कारण मग सगळ्यांसमोर चूक माझी ठरली असती.

वाफ परत टँकरमध्ये ओढून घेणारी दुसरी नळी मिळते. ती सक्तीची करायचा नियम गेल्या साली येत होता. आमच्या संघटनेनं हाणून पाडला. "अनावश्यक" हा शब्द माझ्याच निवेदनातला.

आज डेपोत फोन करून वेळ पुन्हा सकाळी मागितली. पुढल्या महिन्यापर्यंत जमणार नाही म्हणाले. तोवर दीड ते तीन मुलांना पुढच्या खोलीत झोपव. तुझ्या आईलाही.

वीस तारखेला मी काय बोलणार ते मला माहीत नाही.

बाबा

शुक्रवार, १५ मार्च

ठमे,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत पस्तावलो. ते फाडून टाक. किंवा आईच्या हाती परत दे, ती हे एक तरी आणेल.

अध्यक्ष आज स्वतः दुकानात आले होते. बिस्किटाचा पुडा घेतला, फोडला, उभ्या उभ्या दोन खाल्ली. म्हणाले, चिटणीस साहेब, तुमच्या शब्दावर एकोणचाळीस घरं उभी आहेत. तुम्ही काल मागे पडला होता म्हणे, तब्येत सांभाळा. कुणी सांगितलं कुणास ठाऊक. ते गेल्यावर मला कालचं पत्र आठवलं. त्या पत्रावर माझं नाव नाही, पण अक्षर माझं आहे, आणि समितीकडे माझ्या अक्षरातली वीस निवेदनं पडलीत.

तू ते दाखवलंस तर सुनावणी पाच मिनिटांत संपेल. पंपही संपेल. तुझा हक्क आहे हे मला कळतं. तरी मी मागतोय.

फाडून टाक.

बुधवार, २० मार्च

ठमे,

तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे. तरी माझ्या बाजूनं काय झालं ते लिहिल्याशिवाय मला पाणी जाणार नाही.

लांब टेबल, एका बाजूला आम्ही नऊ जण, समोर तू एकटी. तुझी आई मागे बाकावर बसली होती, आणि ती तुझ्या बाजूच्या बाकावर बसली हे मी पाहिलं. मी नोझलचं मांडलं. चांगलं मांडलं. बाई, म्हणजे समितीच्या प्रमुख, लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "धोका नोझलपाशीच असतो असं तुमचं म्हणणं आहे?" मी म्हणालो, "इंधन हाताळलं जातं ते नोझलपाशी." हे खोटं नाही. वकिलानं पढवल्यासारखं ते माझ्या तोंडातून आलं, आणि आम्ही ते निवेदन वकिलाला दाखवलंही नव्हतं.

मग अध्यक्ष उठले आणि घरगुती वादाचं बोलले. जागा, भांडण, अबोला. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, हे खरं आहे का. मी म्हणालो, "दोन वर्षं आमचं बोलणं नाही." एवढंच म्हणालो. तेही खोटं नाही. पण ते ऐकून आमच्याकडचे दोघं माना हलवायला लागले आणि बाईंनी तुझ्या कागदाच्या कडेला काहीतरी खूण केली.

नंतर त्यांनी तुला विचारलं, वाफ तुमच्या खोलीत येते याला काही लेखी आधार आहे का. तुझ्यासमोर हिरवी फाइल होती. तिच्या कडेतून माझं पाकीट बाहेर आलं होतं. चौदा तारखेचं. मी तिकीट तिरकं लावलं होतं, ते मला टेबलाच्या या बाजूनं ओळखू आलं. तू फाइलवर हात ठेवलास. माझ्याकडे बघितलंस. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलंस. मी मान खाली घातली.

तू म्हणालीस, "नाही. लेखी काही नाही."

बाई म्हणाल्या, मग नोझलची व्याख्या विचारात घेऊ, लेखी हरकती सात दिवसांत द्या. अध्यक्षांनी बाहेर माझी पाठ थोपटली. कुणीतरी पेढ्यांची भाषा केली. मी सांगितलं की मला गोड चालत नाही, आणि घरी चालत आलो.

तुला माझ्याबद्दल काय वाटतं ते मला समजून घ्यायचंय असं लिहिणार होतो. खोडतो. तू मला वाचवलंस आणि तुझी मुलं तशीच ठेवलीस. तुला तसं करायला लागलं, कारण मी भिऊन फाडून टाक म्हटलं होतं. याची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात कशाची वाटली नाही.

रात्रीचं जेवण तुझ्या आईनं वाढलं. ताट ठेवून समोर बसली. म्हणाली, "ती पत्र बरोबर घेऊन गेली होती. रात्रभर तिचं ठरत नव्हतं. तुम्ही स्वतःहून वाफेचं बोलला असता तर तिला ठरवावंच लागलं नसतं." एवढं बोलली आणि भांडी घासायला गेली.

बाबा

मंगळवार, २६ मार्च

ठमे,

हरकतींचा आज शेवटचा दिवस धरून मी सकाळी समितीच्या कचेरीत गेलो. दोन पानं दिली. पहिल्यात वाफ कुठून येते ते लिहिलंय, टँकरच्या वेळेसकट, आडवं पडण्यासकट, "अनावश्यक" या शब्दासकट. दुसऱ्यात मागणी: अंतर व्हेंटपासून मोजावं, आणि ते जिथे बसत नाही तिथे परतीची नळी सक्तीची करावी. खाली नाव, पंपाचा शिक्का, आणि चिटणीस हा शब्द खोडून नुसता पंपमालक. चौदा तारखेचं पत्र तुझ्याकडेच ठेव. ते घरातलं आहे. हे कचेरीतलं.

बाईंनी दोन्ही पानं माझ्यासमोर वाचली. म्हणाल्या, तुमचा पंप यात पहिला जाईल, कळतंय ना? मी म्हटलं, कळतंय. नळी लावली तर वाचेल का विचारलं. म्हणाल्या, माहीत नाही, अंतर फारच कमी असलं तर नळीही चालणार नाही. म्हणून जागेवर मोजावं लागेल.

तिथून संघटनेच्या कचेरीत जाऊन राजीनामा दिला. अध्यक्ष ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसून राहिले आणि म्हणाले, "एकोणचाळीस घरं." त्यांचा पंप दवाखान्याला लागून आहे, ते मला ठाऊक होतं. मला त्यांचा राग आला नाही. दुपारी दोघा मालकांचे फोन आले. एकानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. दुसऱ्यानं हळूच विचारलं की ती नळी कुठे मिळते.

सगळ्यात वाईट गेलं ते पंपावर. तीनला टँकरची नळी सुटल्यावर सगळ्या अकरा जणांना दुकानात गोळा केलं आणि सांगितलं. दुकान कदाचित राहील, पंपाचं सांगता येत नाही, वर्षभर आहे. सगळ्यांत जुना नोझलवाला, जो तुला खांद्यावर बसवायचा, त्यानं विचारलं, मालक, आधी का नाही सांगितलं? मला वाटलं पंपाबद्दल विचारतोय. तो वाफेबद्दल विचारत होता. त्याची नात तुझ्याकडे मागच्या खोलीत झोपते हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्यासमोर हात जोडले. त्यानं ते खाली केले, पण पाच वाजता जाताना रोजच्यासारखं "येतो" म्हणालाही नाही.

मला माफ कर असं लिहून पत्र संपवायचं होतं. पण तू ते वाचून म्हणशील की बाबा, कागदावर तुम्हाला सगळं जमतं. म्हणून लिहीत नाही.

उद्या सकाळी साडेदहाला मोजणीचा माणूस येणार आहे. नियम असा आहे की व्हेंटपासून पाळणाघराच्या भिंतीपर्यंत टेप ताणायची आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूचं टोक धरायचं. इकडचं मी धरीन. भिंतीवरून टेप खाली सोडतो. दुसरं टोक तुला धरावं लागेल.

हे पत्र पोस्टात टाकलं तर उद्यापर्यंत पोचणार नाही. मी आत्ता तुझ्या दारात उभा आहे.

बाबा